मोठेपणा आणि मक्तेदारी

मोठे होणे हा अपराध नव्हे. एखाद्या दुकानदाराचा माल उत्तम, वजन चोख आणि वागणूक सौजन्याची असेल, तर गिऱ्हाईक त्याच्याकडे वळणारच; त्याबद्दल शेजाऱ्याने कपाळाला आठ्या घालण्याचे कारण नाही. परंतु हाच दुकानदार पुढे बाजाराची सारी जागा ताब्यात घेऊन इतरांना बजावू लागला, की "येथे बसायचे असेल तर माझाच माल दर्शनी मांडला पाहिजे", तर त्यास काय म्हणावे? पहिले ते कर्तृत्व. दुसरी ती मक्तेदारी. या दोहोंमधील सीमारेषा कोठे आखावी, हा प्रश्न आज संगणकाच्या आणि मोबाईलच्या बाजारात उभा ठाकला आहे.

आपल्या भागाला हा प्रश्न सर्वस्वी नवा नाही. १९८१ साली शेजारच्या निपाणीत शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली तंबाखू पिकवणारे हजारो शेतकरी हमरस्त्यावर बसले होते. पिकवणारे असंख्य, घेणारे मूठभर. मग भाव कोणी सांगावा, हे निराळे सांगावयास नको. तुमच्यापैकी कित्येकांच्या आजोबांना तो काळ आठवत असेल. वस्तू बदलते, पण एकाच दारातून जावे लागणाऱ्याची अगतिकता बदलत नाही.

आता जगाकडे पाहू. गेल्या शतकाच्या अखेरीस बहुतेक घरगुती संगणक मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या 'विंडोज' प्रणालीवर चालत. इंटरनेट पाहण्यासाठी नेटस्केप नावाच्या लहान कंपनीचे साधन त्या वेळी लोकप्रिय होते. मायक्रोसॉफ्टने तशाच प्रकारचे आपले साधन विंडोजला जोडून फुकट दिले आणि संगणक बनवणाऱ्यांवर अटी लादल्या. मे १९९८ मध्ये अमेरिकन सरकारने तिच्यावर खटला भरला. २००० साली न्यायाधीशांनी कंपनीचे दोन तुकडे करण्याचा आदेश दिला. २००१ मध्ये अपील न्यायालयाने तो आदेश रद्द केला. मात्र कंपनीने आपली मक्तेदारी बेकायदा मार्गांनी टिकवली, हा निष्कर्ष कायम ठेवला. अखेर तडजोड झाली. पण तोवर नेटस्केप दुसऱ्या कंपनीच्या पोटात गेली होती. वरातीमागून घोडे म्हणतात, ते हेच!

आपल्या देशात २००२ चा स्पर्धा कायदा आहे. त्यातील एक बारकावा विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवण्याजोगा आहे. बाजारात वरचढ असणे त्या कायद्याने निषिद्ध मानलेले नाही. वरचढपणाचा दुरुपयोग करणे निषिद्ध मानले आहे. याच कायद्याखाली भारतीय स्पर्धा आयोगाने २० ऑक्टोबर २०२२ रोजी गूगल कंपनीस १,३३७.७६ कोटी रुपये दंड केला. ज्या मोबाईल उत्पादकास 'प्ले स्टोअर' हवे, त्याने गूगलच्या इतर साधनांचा संचही आधीपासून फोनवर घातला पाहिजे; शिवाय अँड्रॉइडचे निराळे रूप वापरून फोन करता कामा नये, अशा अटींवर आयोगाने बोट ठेवले. मार्च २०२३ मध्ये अपील न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला, परंतु आयोगाचे चार निर्देश रद्द केले. प्रतिस्पर्ध्यांची दुकाने प्ले स्टोअरमध्ये येऊ द्यावीत, हा त्यांपैकीच एक. वाद पुढे सर्वोच्च न्यायालयात गेला.

या निर्देशाचे महत्त्व एका उदाहरणाने कळेल. मुंबईच्या आयआयटीत शिकलेल्या तरुणांनी अँड्रॉइडच्याच पायावर 'इंडस' नावाची मोबाईल प्रणाली उभारली. २०१५ मध्ये ती मायक्रोमॅक्सच्या फोनवर आली. इंग्रजी न जाणणाऱ्या माणसालाही आपल्या भाषेत फोन वापरता यावा, हा तिचा हेतू होता. पुढे ती फोनपे या कंपनीने घेतली, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये १२ भारतीय भाषांतील 'इंडस अ‍ॅपस्टोअर' सुरू झाले. परंतु ज्या दुकानाची पाटी फोनवर आधीपासून लागलेली असते, त्याला सोडून दुसरे दुकान शोधत कोण हिंडतो? कल्पना चांगली असूनही वाट अवघड राहते, ती अशी.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. अँड्रॉइड प्रणाली उत्पादकांना विनामूल्य मिळाली, म्हणूनच स्वस्त फोन खेडोपाडी पोहोचले. आज आपण फोनवर मराठी अक्षरे सहजपणे लिहितो, त्यात या बलाढ्य कंपन्यांचाही वाटा आहे. ते ऋण नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. पण उपकार करणाऱ्याने दाराला कुलूप घालावे आणि किल्ली आपल्याच कनवटीला ठेवावी, हा उपकाराचा भाग नव्हे.

माझी मातृभाषा कोकणी. १९९२ साली तिला राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत स्थान मिळाले. तरी ती बोलणारे थोडे. जो केवळ डोकी मोजतो, त्याच्या हिशेबात थोड्यांची भाषा शेवटी येते. बाजारात एकच मालक असेल, तर त्याने "परवडत नाही" म्हटले की विषय संपला. दहा जण असतील, तर त्यांतील एखादा तरी लहानांच्या भाषेसाठी आपले दुकान मांडील. स्पर्धेचे खरे मोल मला येथे दिसते. केवळ वस्तू स्वस्त मिळावी एवढ्यासाठी नव्हे, तर कोणीही उपेक्षित राहू नये यासाठी ती हवी.

म्हणून माझे मत असे, की दंड पुरेसा नाही. दंड भरून धनाढ्य कंपनी पुढे चालू लागते, आणि लहान प्रतिस्पर्धी मात्र तोवर मिटून गेलेला असतो. मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने डिजिटल स्पर्धा विधेयकाचा मसुदा लोकांपुढे ठेवला. अतिप्रबळ कंपन्यांना आगाऊच काही बंधने घालावीत, असा त्याचा आशय होता. नियम फार कडक झाले तर नव्या उद्योगांचाच श्वास कोंडेल, हे भय अनाठायी नाही; तरी त्यामागील विचार मला योग्य वाटतो. धरण फुटल्यावर पंचनामा करण्यापेक्षा बांध आधी घालावा, यातच शहाणपण.

विद्यार्थी मित्रांनो, कायद्याचे काम कायदा करील. थोडे काम तुमचेही आहे. फोन हाती येताच जे समोर दिसते तेवढेच जग, असे मानू नका. याला दुसरा पर्याय आहे काय, असे एकदा तरी विचारा. उद्या तुमच्यापैकीच एखादा हिरण्यकेशीच्या काठी बसून नवे साधन घडवील. ते चांगले की वाईट, हे लोकांनी ठरवावे. पण ते लोकांपर्यंत पोहोचण्याचे दार उघडे असले पाहिजे, इतका हट्ट आपण सर्वांनी धरावा.