वेब्लीचे सिलिंडर घासू नका



वेब्ली मार्क ६ रिव्हॉल्व्हरला .४५ एसीपी काडतूस बसवून घ्यावे, ही गेल्या अंकातील पत्रलेखकांची शिफारस मला साफ अमान्य आहे. अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धानंतर हे सर्रास झाले. वेब्लीची मूळची .४५५ काडतुसे सहज मिळेनात, म्हणून सिलिंडरची मागची बाजू घासून अर्धचंद्राकृती क्लिपमधली .४५ काडतुसे बसवली. पण या काडतुसाची दाबमर्यादा चौरस इंचाला २१,००० पौंड. वेब्ली घडवले ते त्याहून कितीतरी सौम्य दाबासाठी. शिवाय ते मधोमध मोडून उघडते, त्यामुळे ताण बिजागरीवर आणि वरच्या खटक्यावर येतो. खटका ढिला पडतो, सिलिंडर फुटूही शकते. घासलेले पोलाद परत कुठून आणणार? जोरच हवा असेल, तर .४५ एसीपीसाठीच बनवलेले स्मिथ अँड वेसनचे १९१७ मॉडेल घ्यावे.

– एक वाचक