हुकमाचं पान किती राखायचं?

डिसेंबर लागला की आखातातल्या मराठी घरांत दोन हिशेब सुरू होतात. एक रजेचा आणि दुसरा, ज्यांना नाद आहे त्यांच्याकडे, चिप्सचा. बटाट्याच्या नव्हे. इंग्लंडच्या प्रीमियर लीगवर जो फॅन्टसी फुटबॉलचा खेळ चालतो, त्यातल्या चिप्सचा. २००२-०३ मध्ये सुरू झालेला हा खेळ आज जगभर एक कोटीहून जास्त लोक खेळतात. आमच्या गटात चौदा जण आहेत: इथे अल हैलमध्ये आम्ही तीन घरं, बाकीचे कोल्हापूर, पुणे, इंग्लंडातलं रेडिंग आणि न्यू जर्सी. चुलत, मावस, आते, मामे, सगळी नाती त्यात आली.

खेळ थोडक्यात असा. दहा कोटी पौंडांच्या लुटुपुटीच्या रकमेत पंधरा खेळाडू घ्यायचे, दर आठवड्याला अकरा उतरवायचे, एकाला कॅप्टन करायचं. कॅप्टनचे गुण दुप्पट. खेळाडू मैदानावर जे करेल त्याचे गुण आपल्याला. याशिवाय हातात चार हुकमाची पानं असतात. वाइल्डकार्डने अख्खा संघ फुकट बदलता येतो. फ्री हिटने तो एकाच आठवड्यापुरता बदलतो. बेंच बूस्टने बाकावरच्या चौघांचेही गुण धरले जातात आणि ट्रिपल कॅप्टनने कॅप्टनचे गुण तिप्पट होतात. एका आठवड्यात एकच पान टाकायचं.

आता खरा वाद. पान टाकायचं कधी?

वर्षानुवर्षं एकच शहाणपण चालत आलं: राखून ठेवा. कारण डबल गेमवीक. एखाद्या संघाचे एकाच आठवड्यात दोन सामने आले की एका चिपचं दुप्पट पीक. हे असं का होतं ते ओमानमधल्या माणसाला समजावायला सोपं आहे, कारण इथला अली अल हबसी विगनकडून खेळायचा. सीब विमानतळावर अग्निशमन दलात काम केलेला हा गोलकीपर, प्रीमियर लीगमध्ये खेळलेला पहिला ओमानी. अल हैलपासून तो विमानतळ गाडीने काही मिनिटांवर. ११ मे २०१३ ला विगनने एफए कपच्या अंतिम सामन्यात मँचेस्टर सिटीला १-० ने हरवलं, त्या दिवशी अल हबसी बाकावर होता. तीनच दिवसांनी आर्सेनलकडून ४-१ ने हरून विगन लीगमधून खाली घसरलं. कपात पुढे गेलेल्या संघाचे लीगचे सामने असे मागे पडतात आणि नंतर एकमेकांच्या मानेवर येऊन बसतात. मानेवर बसलेले ते सामने म्हणजेच डबल गेमवीक. हे बहुतेक वसंत ऋतूत, मार्च ते मे मध्ये येतात.

कधी कपाचाही संबंध नसतो. ७ डिसेंबर २०२४ चा एव्हर्टन-लिव्हरपूल सामना डॅराह वादळामुळे रद्द झाला आणि थेट १२ फेब्रुवारीला खेळवला गेला. लिव्हरपूलला त्यामुळे २४ व्या आठवड्यात दोन सामने आले. सालाहने दोन्हींत मिळून तीन गोल मारले, एक करून दिला आणि २९ गुण मिळवले. ट्रिपल कॅप्टन लावलेल्यांचे झाले ८७. आमच्या गटात त्या रात्री जो जल्लोष झाला तसा दिवाळीलाही होत नाही. सालाह म्हणजे इथे घरचाच माणूस. सीबच्या कॉफी शॉपमध्ये करक पिताना त्याचं नाव घेतलं की अनोळखी माणूसही खुर्ची जवळ ओढतो. त्या हंगामात त्याने ३४४ गुण केले, या खेळातला विक्रम.

पण हेच ८७ जरा सोलून बघा. साधा कॅप्टन ठेवलेल्याला ५८ मिळालेच होते. म्हणजे चिपची खरी कमाई २९. तीसुद्धा अशा आठवड्यात, जो दोन-चार वर्षांतून एकदा दिसतो. माझा ढोबळ हिशेब असा, की चांगल्या स्ट्रायकरचा घरच्या मैदानावर नव्याने वर आलेल्या संघाशी सामना असेल तर सात-आठ गुणांची आशा धरावी, आणि डबलमध्ये अकरा-बाराची. फरक चार गुणांचा. त्या चार गुणांसाठी सहा महिने पान राखायचं आणि मधल्या काळात त्याचा गुडघा, त्याचं लाल कार्ड, मॅनेजरची लहर, सगळ्यांचा धोका पत्करायचा. डबलमध्ये तर मॅनेजर हमखास एका सामन्यात भरवशाच्या माणसाला विश्रांती देतो. राखणाऱ्यांच्या हिशेबात हा खर्च कधीच दिसत नाही.

२०२५-२६ च्या हंगामापासून नियमच बदलला. चारही चिप्स दोन वेळा मिळतात, पण पहिला संच १९ व्या आठवड्यापर्यंत, म्हणजे वर्षअखेरपर्यंत संपवायचा. नाही टाकला तर गेला. पुढे नेता येत नाही. मला हा बदल मनापासून आवडला. पहिल्या अर्ध्यात डबल क्वचितच येतो, त्यामुळे पान साध्या आठवड्यातच टाकावं लागतं. आता डोकं लावायचं ते सामने कोणाशी आहेत, कुठे आहेत, आपला संघ कधी धडधाकट आहे यावर.

बेंच बूस्टचंच घ्या, लोक सर्वात जास्त इथेच अडखळतात. बाकावर चार चांगले खेळाडू ठेवायचे तर पैसे तिथे अडकतात आणि मैदानावरचे अकरा दुबळे होतात. महिनाभर असा संघ पोसणं म्हणजे एका लग्नासाठी वर्षभर मांडव घालून ठेवणं. म्हणून वाइल्डकार्ड टाकून पंधराच्या पंधरा खेळाडू पुढच्या आठवड्याचे सामने बघून घ्यायचे आणि लगेच बेंच बूस्ट लावायचा. त्यानंतर बाकावरचे महागडे दोघे हळूहळू विकायचे. बदल साठवण्याची मुभा आता पाचपर्यंत आहे, त्यामुळे हे जमतं. २०२५ मध्ये आफ्रिकेचा चषक २१ डिसेंबरपासून मोरोक्कोत होता, सालाहसकट बरेच जण तिकडे जाणार होते, म्हणून खेळ चालवणाऱ्यांनी १६ व्या आठवड्यात सगळ्यांचे बदल पाचापर्यंत भरून दिले. असं असताना वाइल्डकार्ड कशाला उराशी धरायचं?

कोल्हापूरच्या भाच्याला हे सगळं न सांगता कळतं. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि खंडोबाचे सामने बघत वाढलेलं पोर ते. पेठेपेठेत तालमी, तालमीतालमीत फुटबॉल, असं शहर महाराष्ट्रात दुसरं नाही. त्याने ट्रिपल कॅप्टन ऑगस्टमध्येच टाकला. पुण्याच्या दादाकडे मात्र परवापर्यंत चारातली तीन पानं शिल्लक. भाच्याने गटावर लिहिलं, “दादामामा, राखून राखून पान पिवळं पडलं की वो!” दादाचं उत्तर, “तुझ्या वयात मीपण असाच उधळ्या होतो.”

मुदतीच्या वेळा हाही एक मजेशीर भाग आहे. पहिल्या सामन्याआधी दीड तास संघ गोठतो. हिवाळ्यात शनिवारी दुपारचा पहिला सामना असेल तर मस्कतमध्ये तीन वाजता. आम्हाला शुक्रवार-शनिवार सुट्टी, जेवून निवांत बसून विचार करता येतो. कोल्हापुरात तेव्हा साडेचार. सामना शुक्रवारी रात्रीचा असला तर इथे साडेदहा, तिकडे बरोबर मध्यरात्र आणि न्यू जर्सीत दुपारचा दीड, म्हणजे ऐन मीटिंगची वेळ. तिथल्या वहिनी मीटिंगमध्ये टेबलाखाली कॅप्टन बदलतात असा गटाचा पक्का समज आहे.

आता या हंगामात गटात एक प्रस्ताव आला, त्याबद्दल स्पष्ट लिहायला हवं, कारण आखातातल्या अनेक गटांत तो येत असतो. माणशी वीस रियाल काढू, जिंकेल त्याला सगळे. मी विरोध केला आणि करत राहीन. अल हैलमध्ये वीस रियाल म्हणजे कुटुंबाचं एक बाहेरचं जेवण. कोल्हापुरात तेच साडेचार हजार रुपये होतात. भाच्याच्या मेसच्या महिन्याच्या पैशांहून जास्त. तो नाही म्हणणार नाही, मामांसमोर लाज वाटेल म्हणून. आईकडे मागेल. आणि मग ऑगस्टमध्ये बिनधास्त पान टाकणारा तोच मुलगा दादासारखा राखत बसेल.

कायद्याचं तर सरळ आहे. ओमानमध्ये जुगार हा गुन्हा आहे आणि आपण सगळे इथे व्हिसावर राहतो. भारतात ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली. कौशल्य की नशीब हा जुना वादही त्यात संपवला, पैसे लावले की खेळ बंदीतच. खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड. २०१९ मध्ये ज्या ड्रीम इलेव्हनला मुंबई उच्च न्यायालयाने कौशल्याचा खेळ मानलं होतं, त्या मुंबईच्याच कंपनीला पैशांच्या स्पर्धा थांबवाव्या लागल्या आणि भारतीय संघाच्या जर्सीवरून तिचं नावही उतरलं. पैसे न लावता खेळायला कोणाचीच आडकाठी नाही.

“पैसे नसतील तर चुरस कसली?” असं रेडिंगच्या मावसभावाने विचारलं. त्याने गेल्या वर्षी सतरा गुणांनी हरल्यावर तीन आठवडे गटावर एक अक्षर लिहिलं नव्हतं, एवढी चुरस.

शेवटी मतं घेतली. अकरा विरुद्ध तीन, पैसे नाहीत. जिंकणाऱ्याला आम्ही अल हैलवाले ओमानी हलव्याचा डबा पाठवायचा. आमच्यापैकी कोणी जिंकलं तर कोल्हापूरहून कांदा-लसूण चटणी, दोन किलो, येणाऱ्याच्या बॅगेतून. सध्या भाचा ४१ गुणांनी पुढे आहे. काल रात्री दादाने वाइल्डकार्ड टाकलं, गटाला न सांगता. राहिली दोन पानं, आणि वर्ष संपायला थोडेच आठवडे.