दारे उघडली, वाट कोण दाखवणार?

केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी ‘वन नेशन, वन सबस्क्रिप्शन’ अर्थात ‘एक देश, एक वर्गणी’ या योजनेला मंजुरी दिली, तेव्हा विद्यापीठीय वर्तुळात तिचे मनापासून स्वागत झाले. ते स्वाभाविकच होते. तीन वर्षांसाठी सहा हजार कोटी रुपये, ३० आंतरराष्ट्रीय प्रकाशक, सुमारे १३ हजार संशोधन नियतकालिके, ६,३०० हून अधिक संस्था आणि अंदाजे एक कोटी ८० लाख विद्यार्थी, अध्यापक व संशोधक एवढा या योजनेचा पसारा आहे. गांधीनगरच्या ‘इन्फ्लिबनेट’ केंद्रामार्फत जानेवारी २०२५ पासून ती सुरू झाली. याआधीही यूजीसी-इन्फोनेट (२००४), एन-लिस्ट (२०१०), ई-शोधसिंधू (२०१५) असे प्रयत्न झाले होते. एका लेखासाठी परवडणार नाही एवढे डॉलर मोजायचे किंवा तो चोरवाटेने उतरवून घ्यायचा, या पेचातून सरकारी विद्यापीठातील संशोधक आता बऱ्याच अंशी सुटला आहे.

मात्र वर्गणी भरली म्हणजे वाचन झाले असे होत नाही, आणि वाचन झाले म्हणजे प्रबंध लिहिता येतो असेही नाही. पीएच.डी.च्या विद्यार्थ्याला बाहेरच्या साधनांशी जोडून देण्याचे काम ज्या अभ्यासक्रमाने करायचे, तो ‘कोर्सवर्क’ नावाचा टप्पा अनेक ठिकाणी आजही औपचारिकता म्हणूनच उरकला जातो. खरी अडचण आहे ती इथे.

कागदावर पाहिले तर तरतुदींची वानवा नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमावलीनुसार कोर्सवर्कला किमान १२ श्रेयांक आहेत. संशोधन व प्रकाशन नैतिकतेचा, २०१९ च्या अखेरीस आखलेला दोन श्रेयांकांचा अभ्यासक्रम त्यात बंधनकारक आहे. एकूण ३० तासांच्या या अभ्यासक्रमात माहितीसंच व संशोधन-मापन यांना सात तास आणि मुक्त प्रकाशनाला चार तास दिले आहेत. योजनेच्या दृष्टीने कळीचे तास हेच. प्रत्यक्षात काय घडते? तात्त्विक भाग व्याख्यानांनी पूर्ण होतो. माहितीसंचांच्या तासांना पडद्यावर काही संकेतस्थळे दाखवली जातात. शेवटी वस्तुनिष्ठ प्रश्नांची परीक्षा. ‘एच-इंडेक्स’ म्हणजे काय, याचे उत्तर विद्यार्थी अचूक देतो. आपल्या विषयावर गेल्या पन्नास वर्षांत कोणता वाद झाला आणि आपण त्यात कोठे उभे आहोत, हे मात्र त्याला कोणी विचारत नाही.

सुप्याचे उदाहरण

ही जोडणी म्हणजे नेमके काय, हे एका उदाहरणावरून पाहता येईल. समजा, मराठवाड्यातील एका महाविद्यालयातून आलेली विद्यार्थिनी १८७५ च्या दख्खनमधील शेतकरी उठावावर प्रबंध लिहिते आहे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांवर हल्ला केला. कर्जरोखे आणि गहाणखते जाळण्यात आली आणि हे लोण पुणे व तत्कालीन अहमदनगर जिल्ह्यांतील गावांत पोचले. सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा झाला. एवढे पाठ्यपुस्तकात मिळते, आणि अनेक प्रबंधांतील ‘ऐतिहासिक पार्श्वभूमी’चे प्रकरणही इथेच थांबते.

आता याच विद्यार्थिनीला कोणी वर्गात बसवून पुढची वाट दाखवली तर? नील चार्ल्सवर्थ यांनी १९७२ मध्ये ‘मॉडर्न एशियन स्टडीज’मध्ये या उठावाचे प्रचलित चित्र म्हणजे एक मिथक आहे, अशी मांडणी केली. हे नियतकालिक केंब्रिज विद्यापीठाच्या मुद्रणालयाचे, आणि तो प्रकाशक नव्या योजनेत आहे. त्याआधी, १९६८ मध्ये रविंदर कुमार यांचा पश्चिम भारतावरील ग्रंथ आला होता. दोघांचे पटत नाही, हे लक्षात येताच तिला मूळ साधनांकडे वळावे लागेल. आयोगाचा अहवाल हा सरकारचा आवाज. महात्मा फुले यांचा १८८३ चा ‘शेतकऱ्याचा असूड’ हा त्याच काळातला वेगळा आवाज. जुने जिल्हा गॅझेटियर राज्य सरकारने संकेतस्थळावर खुले केले आहेत. गोखले अर्थशास्त्र संस्थेच्या धनंजयराव गाडगीळ ग्रंथालयाने जुने ग्रंथ संगणकीकृत केले आहेत. मुंबईच्या एशियाटिक सोसायटीचा ‘ग्रंथ संजीवनी’ हा उपक्रमही आहे. दस्तऐवजातील एखादा शब्द अडला तर मोल्सवर्थचा कोश शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर मोफत पाहता येतो. अर्थात तो तेथे आहे हे कळले तर! आणि मुंबईच्या पुराभिलेखागारातील दप्तरे उघडायची, तर अनेकदा मोडी वाचता यायला हवी. पुराभिलेख संचालनालय व काही संस्था मोडीचे वर्ग घेतात. त्या वर्गाला कोर्सवर्कमध्ये श्रेयांक का नसावेत, हा प्रश्न अभ्यास मंडळांनी स्वतःला विचारण्यासारखा आहे.

यातील एकही साधन विद्यापीठाच्या चार भिंतींतले नाही, आणि बहुतेक फुकट आहेत. त्यांची एकमेकांशी गाठ मारणे, दोन विरोधी मतांतून स्वतःचा प्रश्न काढणे आणि तो दोन पानांत नेमकेपणाने लिहिणे, हेच शास्त्रीय लेखनाचे शिक्षण. हे व्याख्यानाने येत नाही. मसुदा लिहायचा, तो कोणीतरी लाल शाईने रंगवायचा आणि पुन्हा लिहायचा, या फेऱ्यांतूनच ते येते. २०२२ च्या नियमावलीत पीएच.डी.च्या विद्यार्थ्याच्या प्रशिक्षणासंदर्भात ‘लेखन’ हा शब्द आहे. त्याला वेळापत्रकात क्वचितच जागा मिळते.

उणे शिक्षणाचा धाक

लेखन शिकवण्याऐवजी यंत्रणेने धाकाचा मार्ग पत्करला. आयोगाच्या २०१८ च्या वाङ्मयचौर्यविषयक नियमांनुसार दहा टक्क्यांपर्यंतचे साम्य क्षम्य. ४० टक्क्यांपर्यंत सुधारित प्रबंध सहा महिन्यांच्या आत. ६० टक्क्यांपर्यंत एक वर्ष प्रबंध सादर करण्यास बंदी. त्यापुढे नोंदणी रद्द. नियम आवश्यक होते, याबद्दल दुमत नाही. पण दुसऱ्याचे मत स्वतःच्या शब्दांत कसे मांडावे आणि त्याचे श्रेय कसे द्यावे, हे न शिकलेला विद्यार्थी शब्द उलटेपालटे करून टक्का खाली आणतो. त्यात आता कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांची भर पडली आहे. ही साधने अस्तित्वात नसलेल्या लेखांचे संदर्भही बिनदिक्कत तयार करून देतात. मूळ लेख उघडून पाहण्याची सवय नसलेल्याला ते उमगत नाही.

नियतकालिकांच्या बाबतीतही हेच झाले. प्रबंधापूर्वी शोधनिबंध छापण्याची २०१६ ची सक्ती पैसे घेऊन काहीही छापणाऱ्यांच्या पथ्यावर पडली. मे २०१८ मध्ये आयोगाला आपल्याच यादीतून ४,३०५ नियतकालिके वगळावी लागली. पुढे ‘यूजीसी-केअर’ यादी आली आणि तिचे काम सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातील केंद्रातून चालले. फेब्रुवारी २०२५ मध्ये तीही बंद झाल्याचे जाहीर झाले. छापण्याची सक्ती २०२२ मध्येच गेली होती. आता कोणते नियतकालिक विश्वासार्ह, हे ठरवण्याची जबाबदारी संस्थांवर, म्हणजे प्रत्यक्षात मार्गदर्शक आणि विद्यार्थ्यावर आहे. ज्याला यादी पाहण्याचीच सवय लावली, त्याच्या हाती आता पारख द्यायची आहे.

मराठीतून संशोधन करणाऱ्यांची अडचण आणखी वेगळी. योजनेतील ३० प्रकाशकांची नियतकालिके प्रामुख्याने इंग्रजी आहेत. मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. पण मराठी नियतकालिकांचे जुने अंक विखुरलेले आहेत आणि त्यांची एकत्रित, शोधता येण्याजोगी सूची नाही. ‘शोधगंगा’वर पाच लाखांहून अधिक प्रबंध खुले आहेत. तेथे आपल्या विषयावर आधी कोणी काय लिहिले, हे पाहता येते. बरेच विद्यार्थी तेथे जातात ते प्रकरणांची रचना कशी असते हे बघायला, एवढेच.

या सगळ्यात मध्यस्थ होऊ शकेल असा माणूस महाविद्यालयात असतो, निदान असायला हवा. तो म्हणजे ग्रंथपाल. कोणता माहितीसंच कोणत्या प्रश्नासाठी, हे त्याला मार्गदर्शकापेक्षा अधिक ठाऊक असते. परंतु अनेक महाविद्यालयांत हे पद वर्षानुवर्षे रिक्त आहे आणि जेथे भरलेले आहे तेथे ग्रंथपालाची भूमिका पासवर्ड देण्यापुरती. शिवाय योजनेचा पहिला टप्पा सरकारी व्यवस्थापनाखालील संस्थांसाठी आहे. महाराष्ट्रातील अनेक संशोधन केंद्रे खासगी शिक्षण संस्था चालवतात. तेथील विद्यार्थ्याने ही नियतकालिके कोणाच्या दारातून मिळवायची, हेही त्याला पहिल्याच आठवड्यात कोणीतरी सांगायला हवे.

योजनेला मंजूर झालेला निधी २०२५, २०२६ आणि २०२७ या तीन वर्षांसाठी आहे. तिचे यश मोजताना किती लेख उतरवून घेतले गेले, हा आकडा सर्वांत सहज हाती लागेल. पीएच.डी.चा किमान कालावधी तीन वर्षांचा आहे. योजना सुरू झाल्यानंतर नोंदणी केलेल्या विद्यार्थ्याचा प्रबंध २०२८ पूर्वी सादरच होऊ शकत नाही.