नऊ धावांपलीकडचे निंबाळकर

भाऊसाहेब निंबाळकरांचे नाव निघाले की चर्चा नऊ धावांपाशीच अडते. डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यात, पूना क्लबच्या मैदानावर, महाराष्ट्राकडून काठेवाडविरुद्ध ते नाबाद ४४३ वर होते. ब्रॅडमन यांचा विक्रम नाबाद ४५२ चा. काठेवाडने सामनाच सोडून दिला आणि विक्रम हुकला.

जुन्नर-आंबेगावच्या महाविद्यालयांत मराठी शिकवणाऱ्या आम्हांस ही हळहळ अपुरी वाटते. एका कवितेवरून कवी जोखू नये, असे आम्ही वर्गात सांगतो; मग एका डावावरून खेळाडू का जोखावा? ८० प्रथमश्रेणी सामने, ४८४१ धावा, ४७.९३ ची सरासरी, १२ शतके. आणि अधिकृत कसोटी एकही नाही! त्या नऊ धावांसाठी काठेवाडच्या कर्णधाराला सारे बोल लावतात. निवड समित्यांना मात्र कोणी जाब विचारत नाही.

निंबाळकर २०१२ साली गेले. प्रथमश्रेणी क्रिकेटमधील भारतीयाची सर्वोच्च खेळी आजही त्यांचीच आहे. त्यांना ‘दुर्दैवी’ म्हणणे आता थांबवावे, असे आमचे मत आहे. संघ दैव निवडत नाही; माणसे निवडतात.