शहाण्याने पायरी चढावीच!

'शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये' ही म्हण मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या शहाणपण म्हणून सांगितली जाते. जमिनीच्या बांधावरून खटले लढता लढता कंगाल झालेल्या घराण्यांच्या अनुभवातून ती आली आणि तेवढ्यापुरती ती खरीही आहे. परंतु कडेवर मूल घेऊन माहेरी परतलेल्या लेकीला हीच म्हण ऐकवली जाते, तेव्हा ते शहाणपण उरत नाही. अन्याय करणाऱ्याला दिलेले ते अभयदान ठरते.

पालघर जिल्ह्याला या म्हणीची किंमत विशेष मोजावी लागते. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्याच्या एका अंगाला जव्हार-मोखाड्याचे वनवासी पाडे आहेत, तर दुसऱ्या अंगाला बोईसर-तारापूरची धुराडी. १९६९ मध्ये तारापूरचे अणुवीज केंद्र सुरू झाले, पुढे औद्योगिक वसाहत वाढली आणि दूरदूरच्या प्रांतांतून कामगार येऊन चाळींत राहू लागले. सासू-सासरे, दीर-जावा गावाकडे. येथे एका खोलीत पती-पत्नी, पाळीची नोकरी आणि डोक्यावर कर्ज. एकत्र कुटुंबात वडीलधाऱ्यांच्या नुसत्या खाकरण्याने थांबणारे भांडण येथे थांबवणार कोण? शेजारी दार लावून घेतो, ठेकेदाराला हजेरीशी मतलब आणि चौकीवर 'घरगुती मामला' म्हणून बोळवण. कुटुंबाचे सारे आधार मागे राहिलेल्या या वस्तीत कायदा जाणणारा सज्जन वकील हा चैनीचा विषय नाही, ती गरज आहे.

उशिराची किंमत

'आधी चार माणसांत बसून मिटवू' असे म्हणणाऱ्या ज्येष्ठांचा हेतू चांगलाच असतो. मिटत असेल तर अवश्य मिटवावे. पण बैठकांवर बैठका होऊन दोन वर्षे सरतात, तेव्हा त्या मुलाच्या शाळेचे आणि दुधाचे पैसे कोणी द्यायचे? पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२० मध्ये 'राजनेश विरुद्ध नेहा' या निकालात सांगितले. मूळ प्रकरण नागपूरचे. तेथील कौटुंबिक न्यायालयाने २०१५ मध्ये पत्नीला दरमहा १५ हजार रुपये अंतरिम पोटगी ठरवली, ती सप्टेंबर २०१३ पासून. अर्जच दिला नाही, तर मागचे महिने गेले ते गेलेच. याच निकालाने दोन्ही पक्षांना मिळकत व देणी यांचे प्रतिज्ञापत्र बंधनकारक केले. पगारपत्रक दडवणाऱ्याला आता शपथेवर खोटे बोलावे लागते.

कोणता अर्ज, कोठे आणि कधी, हे सांगणे हे वकिलाचे पहिले काम. पतीने हजार मैलांवरच्या आपल्या गावी घटस्फोटाचा दावा लावला, म्हणून बोईसरच्या पत्नीने हताश होण्याचे कारण नाही. हिंदू विवाह कायद्यातील २००३ च्या दुरुस्तीनुसार ती स्वतः राहते तेथील न्यायालयात दावा करू शकते. दूरचा दावा इकडे वर्ग करण्याची मागणीही करू शकते. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने तिला सामाईक घरात राहण्याचा हक्क दिला आहे. ते घर सासऱ्यांच्या नावावर असले तरी हा हक्क आपोआप बुडत नाही, असेही न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले.

पतीच्या घरच्यांनाही वकील तितकाच हवा. छळाच्या तक्रारीत वृद्ध आई-वडिलांसह साऱ्यांची नावे गोवली गेली, तर सरसकट अटक करता येत नाही, हे २०१४ च्या अर्नेश कुमार निकालाने सांगितले आहे. हे ठाऊक नसलेले कुटुंब घाबरून दलालाच्या हाती सापडते.

वनवासी पाड्यांवरचा प्रश्न निराळाच. हिंदू विवाह कायदा अनुसूचित जमातींना थेट लागू नाही. तेथे रूढी चालते. धवलेरीच्या गाण्यांनी लागलेल्या वारली लग्नाचा कागद बहुधा नसतो, खर्चापायी कित्येक जोडप्यांचे लग्न संसार सुरू झाल्यावर वर्षांनी लागते. म्हणून ती पत्नी निराधार ठरते काय? नाही. दीर्घकाळ पती-पत्नी म्हणून एकत्र राहिलेल्यांच्या पोटगीच्या दाव्यात विवाहाचा काटेकोर पुरावा लागत नाही, असा २०१८ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे. पण रूढी कशी मांडावी, साक्षीला कोण आणावे, हे जाणणारा वकील न भेटल्यास तो निकाल पुस्तकातच राहतो.

घर मोडणारे वकील

वकीलच घरे मोडतात, हा आक्षेप निराधार नाही. एका भांडणाचे पाच दावे करणारे आणि समेटाची संधी दिसताच पुढची तारीख मागणारे महाभाग आहेतच. १९८४ च्या कौटुंबिक न्यायालय कायद्याने पक्षकाराला वकील उभा करण्याचा हक्क सरसकट दिला नाही, तो याच शंकेने. पण त्याच कायद्याने समेटाचा प्रयत्न हे न्यायालयाचे कर्तव्य ठरवले आणि गरज पडल्यास विधिज्ञाची मदत घेण्याची मुभाही ठेवली. रोग वकिलीचा नाही, वकिलीतल्या लोभाचा आहे. वैदूच्या भीतीने कोणी वैद्य टाळतो काय?

राहिला पैशाचा प्रश्न. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ नुसार प्रत्येक स्त्रीला, बालकाला, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला आणि औद्योगिक कामगाराला उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. म्हणजे जव्हारचा पाडा आणि तारापूरची चाळ, दोन्ही या एका कलमात बसतात! तालुका विधी सेवा समितीकडे साधा अर्ज पुरतो. १५१०० या क्रमांकावर चौकशीही होते. सरकारने दार उघडे ठेवले आहे. त्या दारापर्यंत बोट धरून नेणारा समाज मात्र जागेवर नाही.

पाड्या-पाड्यांवर आरोग्य शिबिरे होतात, वह्या वाटल्या जातात. त्याच गाडीतून महिन्यातून एकदा एक वकील नेता येणार नाही काय? २००९ च्या योजनेनुसार सामान्य नागरिकालाही प्रशिक्षण घेऊन विधी स्वयंसेवक होता येते. प्रत्येक वस्तीत असे दोन कार्यकर्ते उभे राहिले, लग्नाची नोंदणी वेळेवर करवून घेतली गेली, आणि भांडण पेटताच दोन्ही घरांना भला वकील दाखवला गेला, तर कित्येक संसार न्यायालयाबाहेरच सावरतील. जे सावरणार नाहीत, त्यांतील लेकरे तरी उपाशी राहणार नाहीत. कुटुंबव्यवस्थेची महती व्यासपीठावरून गाणाऱ्यांनी आता तिच्यासाठी न्यायालयाची पायरी चढावी.