झांकली मूठ आणि सोबत्याचा हात

झांकली मूठ सव्वा लाखाची, ही म्हण आपल्या घरांनीं फार मनावर घेतलेली आहे. मुलीच्या सासरचा त्रास, मुलाचें नापास होणें, व्यापारांतील ठोकर, सारें कांहीं ह्या मुठींत मावतें. परंतु घरांतील कर्त्या पुरुषास मद्याचें व्यसन जडलें म्हणजे त्या मुठींत सव्वा लाख नसतात, निखारा असतो; आणि त्यानें हात भाजतो तो बहुधा गृहिणीचा. पति कामावर गेला नाहीं कीं अंगांत ताप असल्याचा निरोप तीच पाठविते, शेजाऱ्यांस उत्तरें तीच देते. तिनें हें बोलावें तरी कोणाजवळ? वरिष्ठांजवळ बोलावें तर नोकरी जाण्याची भीति. नातलगांजवळ बोलावें तर चार घरीं बभ्रा. ह्या कोंडींतून वाट काढण्याचें काम परदेशांत एका अनपेक्षित संस्थेनें केलें आहे. ती संस्था म्हणजे कामगारांचा संघ, ज्यास आपण युनियन म्हणतों. पगारवाढ, बोनस व संप ह्यांपलीकडे युनियनचें कांहीं काम असतें असें आपल्यापैकीं पुष्कळांस वाटत नाहीं. म्हणून ह्या महिन्यांत त्याविषयीं चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

अमेरिकेंतील वैमानिकांचें उदाहरण ह्या बाबतींत विशेष बोधप्रद आहे. एअर लाइन पायलट्स असोसिएशन हा त्यांचा संघ 1931 सालीं स्थापन झाला. वैमानिकास मद्याचें व्यसन आहे असें वैद्यकीय दप्तरांत एकदां नमूद झालें कीं त्याचें उड्डाण संपलें, अशी 1970 च्या सुमारापर्यंत स्थिति होती. नियम कडक होता, परंतु परिणाम उलटाच होई. व्यसन कबूल करणें म्हणजे स्वतःच्या पोटावर पाय आणणें. तेव्हां कबूल कोण करणार? आजारी माणूस आजार लपवी, सोबती त्यास सांभाळून घेत, आणि विमान मात्र उडतच राही. 1970 सालीं सिनेटर हॅरॉल्ड ह्यूझ ह्यांच्या प्रयत्नानें तेथें मद्यासक्तीच्या उपचारांविषयीं कायदा झाला. हे गृहस्थ आयोवा राज्याचे माजी गव्हर्नर असून स्वतः ह्या व्यसनांतून बाहेर पडलेले होते, व ती गोष्ट ते लपवीत नसत. त्या कायद्यान्वयें निघालेल्या राष्ट्रीय संस्थेच्या द्रव्यसाहाय्यानें वैमानिकांच्या संघानें 1974 सालीं एक योजना हातीं घेतली. ‘हिम्स’ ह्या संक्षिप्त नांवानें ती ओळखली जाते.

ह्या योजनेचें मर्म असें कीं, व्यसनी वैमानिकाजवळ प्रथम जातो तो साहेब नव्हे, तर दुसरा वैमानिक. आणि पुष्कळदां तो स्वतः त्याच वाटेनें जाऊन परत आलेला असतो. ‘मी दोन पेले घेतों, त्यांत बिघडलें कोठें?’ हा बचाव पत्नीपुढें टिकतो, वरिष्ठांपुढेंही टिकतो. परंतु ज्यानें स्वतः वर्षानुवर्षें तोच बचाव केला, त्याच्यापुढें तो टिकत नाहीं. ह्यानंतर सुमारें महिनाभर संस्थेंत राहून उपचार, व्यसनमुक्तांच्या नियमित बैठका, खास शिक्षण घेतलेल्या वैद्याची देखरेख, पूर्वसूचनेशिवाय होणाऱ्या चाचण्या, आणि ठराविक काळानें एका सोबत्याची व एका अधिकाऱ्याची भेट, असा क्रम असतो. हें सारें पार पडलें म्हणजे सरकारी विमानखातें त्यास वैद्यकीय बाबतींत विशेष परवानगी देतें, आणि संपूर्ण मद्यत्याग ही तिची अट असते. ह्या मार्गानें हजारों वैमानिक कामावर परत आले आहेत. कोणाचा पाय पुन्हां घसरतोही. परंतु पाहणारे डोळे जवळ असल्यामुळें तें लवकर ध्यानांत येतें.

येथें कोणी विचारील, हा दारुड्यास पाठीशीं घालण्याचाच प्रकार नव्हे काय? आमच्या मतें नव्हे. 8 मार्च 1990 रोजीं नॉर्थवेस्ट कंपनीचें विमान फार्गोहून मिनियापोलिस येथें उतरलें, व मद्य घेऊन विमान चालविल्याबद्दल त्याच्या तिघांही चालकांस अटक झाली. मुख्य वैमानिक लाइल प्राउझ ह्यांस 16 महिन्यांची शिक्षा झाली, परवाने गेले, नोकरी गेली. ही शिक्षा टळावयास नकोच होती; प्रवाशांचे प्राण ही कांहीं थट्टेची गोष्ट नव्हे. परंतु उपचार घेऊन, तुरुंगवास भोगून, परवाने पुन्हां मिळवून हा मनुष्य त्याच कंपनींत परतला, व जंबो विमानाचा कप्तान म्हणून सेवानिवृत्त झाला. 2001 सालीं अध्यक्ष क्लिंटन ह्यांनीं त्यांस क्षमा केली. दोषाची शिक्षा व रोगाचा उपचार ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत. एकीच्या नांवावर दुसरी टाळतां येत नाहीं, हें ह्यावरून दिसतें.

तथापि सोबत्यांची एकी ही नेहमींच तारक असते असेंही नाहीं. न्यूयॉर्क शहराखालीं बोगदे खणणाऱ्या मजुरांमध्यें काम संपल्यावर एकत्र पिणें हाच बंधुभावाचा संस्कार होऊन बसला होता. जो पीत नाहीं तो आपला नव्हे, अशी समजूत. विल्यम सोनेनस्टूल ह्या अभ्यासकानें 1996 सालच्या आपल्या ग्रंथांत त्यांची हकीकत दिली आहे. व्यसनामुळें आपली एकीच धोक्यांत येत आहे असें ह्या मजुरांस पटलें, तेव्हां त्यांच्याच संघानें व्यसनमुक्तीचें काम चालू केलें. ज्या मैत्रीनें पेला हातीं दिला, तिनेंच तो काढून घेतला. अग्निशामक दलांतील लोकांचा तेथील संघ तर ह्याहून पुढें गेला. मेरीलँड राज्यांत 2017 सालीं खास त्याच्या सभासदांसाठीं एक उपचारकेंद्रच उघडण्यांत आलें. जळत्या घरांतून मुलांचे देह बाहेर काढणाऱ्याचें दुःख परक्यास समजावून सांगतां येत नाहीं, हें त्यामागील कारण कोणासही पटण्यासारखें आहे.

आपल्याकडे हा विचार अगदींच परका आहे असें मात्र नव्हे. 1920 सालीं गांधीजी व अनसूयाबेन साराभाई ह्यांच्या पुढाकारानें स्थापन झालेल्या अहमदाबादच्या मजूर महाजन संघानें मजुरीच्या प्रश्नाबरोबर दारूबंदीचा प्रचारही आपल्या कामांत धरला होता. पुण्यास 1986 सालीं डॉ. अनिता व डॉ. अनिल अवचट ह्यांनीं पु. ल. देशपांडे ह्यांच्या साहाय्यानें सुरू केलेल्या मुक्तांगण संस्थेंतही व्यसनांतून बाहेर आलेलीं माणसेंच पुढें इतरांचा हात धरतात. उपचाराची सोय आहे, सोबत्याचें तत्त्वही ठाऊक आहे. उणीव आहे ती कचेरी आणि उपचारगृह ह्यांमधील पुलाची.

आमच्या वाचकांपैकीं कितीतरी जण बँकांच्या, विमा कंपन्यांच्या, शिक्षकांच्या वा सरकारी नोकरांच्या संघटनांचे सभासद आहेत. महागाई भत्ता व बदल्या ह्यांवर तेथें तासन् तास चर्चा होते. पुढील वार्षिक सभेंत त्यांनीं तीन प्रश्न अवश्य विचारावेत. व्यसनांत सांपडलेल्या सभासदानें ज्याच्याकडे निर्धास्तपणें जावें असा कोणी सोबती संघानें नेमला आहे काय? त्याच्या कानीं घातलेली गोष्ट साहेबाच्या मेजावर जाणार नाहीं अशी हमी आहे काय? आणि उपचारासाठीं रजा घेऊन गेलेल्याची जागा, तो परत येईपर्यंत, राखली जाईल काय? ह्या तिन्ही प्रश्नांस होकार मिळवून घेणें हें भत्त्यापेक्षां लहान काम नव्हे. आणि होकार मिळाला म्हणजे त्या सोबत्याचें नांव व दूरध्वनि क्रमांक कचेरींतील फलकावर लावून थांबूं नये. तो सभासदांच्या घरींही पोहोंचवावा. त्याची गरज प्रथम जिला भासते, ती त्या कचेरींत कधीं पाऊल टाकीत नाहीं.