डोळ्यांची पोस्टिंग म्हणजे सुट्टी नव्हे!

गेल्या तुरीच्या राशीच्या दिवसांत एक शेतकरी माझ्याकडे आले. "डॉक्टरसाहेब, तुरीचं काडूक डोळ्यात लागलं, आज आठ दिवस झाले." पहिल्याच दिवशी त्यांनी एका तरुण एमबीबीएस डॉक्टरला दाखवले होते. डोळा लाल म्हणून त्याने ड्रॉप लिहून दिले. बाटली पाहिली, तर ते स्टेरॉइडचे. बुबुळावर पांढरा डाग धरला होता. नेत्रतज्ज्ञांनी निदान केले बुरशीच्या जखमेचे. डोळा वाचला, पण फूल पडून नजर गेली.

मला त्या तरुण डॉक्टरचा राग आला. मग माझीच इंटर्नशिप आठवली. नेत्रविभागात आमचे पंधरा दिवस होते. त्यात मी मोतीबिंदूच्या रुग्णांचे केसपेपर भरले, बाहुली मोठी करणारे ड्रॉप टाकले आणि उरलेला वेळ एमडीच्या प्रवेशाचा अभ्यास केला. शेवटी सही मिळाली. ऑफ्थॅल्मोस्कोप मात्र एकदाही हातात नीट धरला नाही.

आजही इंटर्नशिपच्या वर्षात नेत्रविभागाला दोनच आठवडे आहेत. मुले त्याला 'हलकी पोस्टिंग' म्हणतात आणि नीट पीजीची पुस्तके घेऊन बसतात. काही वरिष्ठही म्हणतात, "नेत्रतज्ज्ञ आहेत ना! साध्या डॉक्टरला डोळ्याचे कशाला हवे?"

हा युक्तिवाद मला मुळीच मान्य नाही. खेड्यातला लाल डोळा आधी नेत्रतज्ज्ञाकडे जात नाही. तो मेडिकल दुकानात किंवा आमच्यासारख्या डॉक्टरकडे येतो. डोळ्याचे भवितव्य तिथेच ठरते. काडी, उसाचे पाचट, मळणीयंत्रातला भुसा लागून बुबुळावर ओरखडा उठतो आणि त्यातून जंतू किंवा बुरशी आत शिरते. अशा डोळ्यात स्टेरॉइड टाकले की लाली कमी होते, रुग्णाला बरे वाटते आणि आत बुरशीला रान मोकळे मिळते.

हे टाळायला मोठी यंत्रसामग्री लागत नाही. नेपाळमधील भक्तपूरचा एक अभ्यास 2001 मध्ये प्रसिद्ध झाला. बुबुळावर ओरखडा असलेल्यांना क्लोरॅम्फेनिकॉलचे साधे मलम दिवसातून तीनदा, तीन दिवस दिले. इजा झाल्यापासून 18 तासांच्या आत उपचार सुरू झालेल्या एकालाही जखम चिघळली नाही. एक ते दोन दिवस उशिरा आलेल्या 49 पैकी 14 जणांची मात्र चिघळली. जे गावपातळीवर जमले, ते साडेपाच वर्षे शिकलेल्या डॉक्टरला जमू नये?

म्हणून माझी मागणी आठवडे वाढवण्याची नाही. आहेत त्या दोन आठवड्यांत प्रत्येक इंटर्नने चार गोष्टी स्वतःच्या हाताने केल्या पाहिजेत : तक्त्यावर प्रत्येक डोळ्याची नजर वेगळी तपासणे, पापणी उलटून कचरा शोधणे, फ्लुरोसीनच्या पट्टीने ओरखडा हिरवा दिसतो का पाहणे आणि ऑफ्थॅल्मोस्कोपने डोळ्याचा पडदा बघणे. शेवटची गोष्ट मधुमेहाच्या रुग्णांसाठी फार मोलाची आहे. हे जमल्याशिवाय सही नको. आपल्या धाराशिवला 2022 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथून निघणारी मुलेच उद्या आपल्या आरोग्य केंद्रांत बसणार आहेत.

आणि मंडळी, थोडे तुमच्याकडेही मागतो. शिकाऊ डॉक्टर डोळा तपासू का म्हणाला, तर "मोठ्या डॉक्टरांनाच दाखवायचंय" म्हणून त्याला हाकलू नका. तुमच्या डोळ्यावर तो शिकला, तर तुमच्या नातवाचा डोळा वाचेल.

डोळ्याला काही लागले तर चोळू नका. मध, लोणी, दूध घालू नका. घरातली जुनी बाटली वापरू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा आणि ड्रॉप लिहून मिळाले की एवढेच विचारा, "साहेब, यात स्टेरॉइड तर नाही ना?"

या प्रश्नाचा ज्या डॉक्टरला राग येईल, त्याची पोस्टिंग अजून बाकी आहे असे समजा.